गोदावरीचे पाणी आणि शंकरराव चव्हाण

नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूट राजांच्या काळचे नगर होय. तेथे जगत्तुंग समुद्र नावाचा एक विशाल तलाव आहे. तलावाला समुद्र म्हणणाऱ्या लोकांना पाण्याचे मोल केवढे वाटत असेल! मराठवाड्यातील पाऊस बेभरवशाचा. एखाद्या वर्षी तो रुसला, की विहिरी आटत, गुरेढोरे मातीमोलाने विकावी लागत आणि माणसे पोटासाठी गाव सोडून जात. गोदावरीसारखी मोठी नदी याच प्रदेशातून वाहते. परंतु तिचे पात्र खोल आणि शेते उंचावर. त्यामुळे काठावरचे शेतही पुष्कळदा कोरडेच राही. हे पाणी अडवून शेतापर्यंत नेण्यासाठी ज्यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्यांत शंकरराव भाऊराव चव्हाण यांचे नाव अग्रभागी आहे.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदाकाठी पैठण येथे झाला. उस्मानिया विद्यापीठातून ते वकील झाले. मराठवाड्यावर तेव्हा निजामाची सत्ता होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली मुक्तीचा लढा उभा राहताच त्यांनी वकिली बाजूला ठेवून त्यात उडी घेतली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे शंकरराव नांदेडचे नगराध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये विधानसभेवर निवडून गेले.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पाटबंधारे खाते शंकररावांकडे आले आणि सुमारे बारा वर्षे त्यांच्याकडेच राहिले. एकाच खात्यात इतका दीर्घ काळ राहण्याचा योग मंत्र्यांना क्वचितच येतो. धरणाच्या कामाला मात्र असाच चिकाटीचा माणूस लागतो. कारण आज आखलेल्या धरणाचे पाणी शेतात खेळायला दहा-पंधरा वर्षे जातात.

गोदावरीवरील मोठे धरण प्रथम बीड जिल्ह्यातील जायकूचीवाडी या खेड्याजवळ योजिले होते. नंतर जागा बदलून पैठण ठरले. नदीच्या वरच्या अंगाला, उंचावर पाणी अडविले, तर ते कालव्यांनी अधिक दूर नेता येते. जागा बदलली, पण नाव तेच राहिले. म्हणून पैठणचे धरण जायकवाडी म्हणून ओळखले जाते! १९६५ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली. पाकिस्तानशी झालेले युद्ध नुकतेच थांबले होते आणि देशात धान्याची टंचाई होती. अशा वेळी हे काम हाती घेणे धाडसाचेच होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध उभा राहिला आणि त्याला २७ दरवाजे बसविण्यात आले. मात्र या जलाशयासाठी शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, देवळे आणि काळ्या मातीची शेते सोडून हजारो माणसांना दुसरीकडे संसार मांडावे लागले. त्यांचा हा त्याग विसरून धरणाची कथा सांगता येणार नाही. संत एकनाथांच्या नावावरून जलाशयाला नाथसागर हे नाव मिळाले. १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले, तेव्हा पैठणचाच सुपुत्र राज्याचा मुख्यमंत्री होता.

शंकररावांची शिस्त कडक होती. कामात ढिलाई त्यांना खपत नसे. म्हणून लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. त्यांची मुख्यमंत्रिपदाची पहिली कारकीर्द आणीबाणीच्या काळातील होती. तेव्हा नागरिकांच्या स्वातंत्र्यावर आलेल्या बंधनांमुळे त्या कारकिर्दीवर टीकाही झाली. १९८६ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्या वेळी त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. गेल्या वर्षी खर्च झाला म्हणून यंदाही करावयाचा, ही रीत मोडून प्रत्येक खर्चाची गरज नव्याने तपासण्याची ही पद्धत अनेक खात्यांना जाचक वाटली. पुढे ते केंद्रात अर्थमंत्री आणि गृहमंत्रीही झाले.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरीवर बंधारा झाला. तेथे पाणी केवळ अडविले जात नाही, तर यंत्रांनी वर उचलून लोहा-कंधारकडच्या उंच रानात नेले जाते. २६ फेब्रुवारी २००४ रोजी शंकररावांचे निधन झाले. विष्णुपुरीच्या जलाशयाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.