दुपारी 3.45, पॅनल एफ, रिले नंबर 70

समजा, कॉलेज संपलं आणि पहिली नोकरी पनवेललाच लागली. लांब कशाला जायचं? हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत 2020 साली सुरू झालेलं योट्टाचं डेटा सेंटर आपल्याच दारात आहे, सात हजार रॅक मावतील एवढं. तर तिथली किंवा तसल्याच कुठल्याही सर्व्हर रूमची नाइट शिफ्ट. रात्रीचे अडीच. एका क्लायंटचं अ‍ॅप्लिकेशन उघडत नाहीये. सर्व्हर चालू आहे, नेटवर्क ठीक आहे, डिस्कवर जागा आहे, तरी स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. फोनवर फोन येतायत. तुम्ही पहिलं काय कराल?

खरं सांगा, रीस्टार्ट. दहातले नऊ जण तेच करतात. अ‍ॅप्लिकेशन उठतं, फोन थांबतात, चहा येतो. फक्त ते का पडलं होतं, हे कुणालाच कळत नाही आणि पुढच्या मंगळवारी रात्री अडीचला पुन्हा तोच खेळ.

हे दुखणं कॉम्प्युटरइतकंच जुनं आहे. आणि ते जगात सगळ्यात आधी ज्या मूठभर माणसांच्या वाट्याला आलं, त्यांत गणिताची एक प्राध्यापिका होती. ग्रेस हॉपर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिचं नाव एका किड्याच्या गोष्टीत ऐकलं असेल. किडा येईल, पण जरा थांबा. बाई त्या किड्याहून बरीच मोठी आहे.

ग्रेस मरेचा जन्म 9 डिसेंबर 1906 चा, न्यूयॉर्कचा. वडील विमा व्यवसायात. सात वर्षांची असताना तिनं घरातलं गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला उघडलं. स्क्रू, चाकं सगळं बाहेर आलं, पुन्हा काही बसेना. मग ताडून बघायला दुसरं उघडलं, मग तिसरं. अशी सात घड्याळं. आईनं ओरडण्याऐवजी तोडगा काढला, की यापुढे एकच घड्याळ तुझं, काय करायचं ते त्यातच कर. पुढे व्हॅसार कॉलेजातून पदवी, 1930 मध्ये व्हिन्सेंट हॉपरशी लग्न, 1934 मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएचडी, आणि व्हॅसारमध्येच शिकवायची नोकरी. आयुष्य मार्गी लागलं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. ग्रेसला नौदलात जायचं होतं. वय सदतिशीला आलेलं आणि वजन नियमापेक्षा 15 पौंड कमी. तिनं वजनाची सवलत मागून घेतली, कॉलेजातून रजा काढली आणि डिसेंबर 1943 मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाली. प्रशिक्षणात पहिली आली. जुलै 1944 मध्ये तिला पोस्टिंग मिळालं ते जहाजावर नाही, तर हार्वर्ड विद्यापीठात, मार्क वन नावाच्या यंत्रापुढे.

हे यंत्र 51 फूट लांब, 8 फूट उंच आणि जवळपास 5 टनांचं होतं. साडेसात लाखांहून जास्त सुटे भाग, 530 मैल वायर. एवढा बोजा असून एका सेकंदात बेरजा फक्त तीन. गुणाकाराला सहा सेकंद, भागाकाराला पंधरा. यंत्राचा बॉस हॉवर्ड एकन हा कडक गडी. ग्रेस दारात उभी राहिली तर आतापर्यंत कुठे होतीस असं विचारून त्यानं कोडची वही हातात ठेवली आणि पुढच्या गुरुवारपर्यंत आर्कटॅनची गणितं करून आण म्हणून सांगितलं. प्रोग्रॅमिंगचा कोर्स, ट्यूटोरियल वगैरे जगात कुठेच नव्हतं. त्या यंत्राला प्रोग्रॅम लिहिणारी ती तिसरी व्यक्ती.

मार्क वनला हुकूम द्यायचे ते कागदी पट्टीवर भोकं पाडून. एका ओळीत 24 जागा, आठ-आठच्या तीन गटांत. पहिल्या गटानं सांगायचं आकडा कुठून घ्यायचा, दुसऱ्यानं कुठे ठेवायचा, तिसऱ्यानं काय करायचं. एक भोक इकडचं तिकडे झालं की सगळं उत्तर चुकीचं, आणि यंत्र काही तक्रार करणार नाही. चुकीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवायचं. तुम्ही आज सर्व्हरवर पॅच टाकता ना? तो शब्द अशाच चिकटवलेल्या तुकड्यांवरून आलाय.

युद्ध चालू असल्यामुळे यंत्र चोवीस तास चालायचं. म्हणजे बिघाड रात्रीही होणार आणि समोर ऑपरेटर एकटा असणार. म्हणून ग्रेस आणि तिच्या सोबत्यांनी एक पद्धत बसवली. गणितातच मध्ये मध्ये तपासणी घालायची. यंत्रानं उत्तर दुसऱ्या वाटेनं ताडून बघायचं, फरक ठरल्यापेक्षा जास्त आला तर स्वतःहून थांबायचं. आणि ऑपरेटरसाठी आधीच लिहून ठेवायचं, की यंत्र इथे थांबलं तर हे कर, तिथे थांबलं तर ते. आज मॉनिटरिंग टूलमधला अलर्ट आणि शिफ्टच्या टेबलावरची सूचनांची फाइल ही दोन्ही त्याच घराण्यातली.

एकननं तिच्यावर आणखी एक काम टाकलं, यंत्राचं पुस्तक लिहायचं. आपण आयुष्यात पुस्तक लिहिलेलं नाही असं तिनं सांगून पाहिलं. तू आता नौदलात आहेस, एवढंच उत्तर मिळालं. रोज लिहिलेलं दिवसाअखेर एकनला वाचून दाखवायचं. 1946 मध्ये ते 561 पानांचं मॅन्युअल छापून आलं. मॅन्युअल कुणी वाचत नाही ही आपली ख्याती आहे, पण ते लिहिणाऱ्याला यंत्र किती कळलेलं असतं याचा जरा विचार करा.

आता किडा. युद्ध संपल्यावर हार्वर्डला मार्क टू तयार होत होतं, हजारो रिले असलेलं. रिले म्हणजे विजेवर उघडझाप करणारा बटणासारखा भाग. प्रत्येक पाळीला वहीत वेळ घालून नोंद ठेवायची शिस्त होती. 9 सप्टेंबर 1947 चं पान बघा. सकाळी 8 ला गणित सुरू, 10 ला थांबवलं. 11 ला साइन-कोसाइनची चाचणी. दुपारी 3.25 ला बेरजेच्या भागाची चाचणी. आणि 3.45 ला, पॅनल एफ, रिले नंबर 70 मध्ये अडकून मेलेला पतंग, दिव्यावर येतो तसला. ऑपरेटरनं तो चिमट्यात धरून काढला, टेपनं पानावर चिकटवला आणि खाली गमतीनं लिहिलं, की खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. साडेचारला काम पुन्हा चालू, पाचला बंद करून सगळे घरी.

ही गोष्ट सांगताना लोक दोन गफलती करतात. एक, बग हा शब्द तिथे जन्मला असं सांगतात. नाही हो. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत थॉमस एडिसनच्या 1878 च्या पत्रातसुद्धा सापडते. तो शब्द आधीपासून होता म्हणून तर विनोद झाला. दुसरी गफलत, पतंग ग्रेसनं काढला असं सांगतात. तिनं काढला नव्हता, तिनं तो किस्सा आयुष्यभर रंगवून सांगितला, म्हणून तो तिच्या नावावर चढला.

मला त्या पानात पतंगापेक्षा वेळा महत्त्वाच्या वाटतात. कुठली चाचणी कधी लावली, कुठला भाग कधी अडला, सगळं ओळीनं. यंत्र बिघडलं म्हणून कुणी लाथ घातली नाही की सरळ बंद-चालू केलं नाही. एक-एक भाग तपासत गेले तेव्हा हजारोंतला सत्तर नंबरचा रिले सापडला. अर्थात त्या पानातही एक खोट आहेच. वर तारीख नुसती 9/9 अशी लिहिलीय, वर्ष नाही! त्यामुळे कित्येक वर्षं ही घटना 1945 ची म्हणून छापली जात होती. लॉगमध्ये पूर्ण टाइमस्टॅम्प का लागतो, असं कुणी विचारलं तर हे उदाहरण द्या.

1945 मध्ये ग्रेसचा घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये बायकांना कायमची जागा नव्हती, 1949 मध्ये तिचं तिथलं काम संपलं. वर्षानुवर्षं चोवीस तासांचा ताण, त्यात दारू वाढलेली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियात दारूच्या नशेत गोंधळ घातल्याबद्दल पोलिसांनी तिला पकडलंसुद्धा. तिच्यावरच्या शाळकरी पुस्तकांत हे नसतं. मला वाटतं, असावं. ऑन-कॉल राहून राहून माणूस कुठवर ताणला जातो, हे आयटीत जाणाऱ्यांनी आधीच वाचलेलं बरं. मित्रांनी तिला सावरलं आणि ती पुन्हा कामाला लागली.

नवी नोकरी एकर्ट-मॉक्ली कंपनीत, युनिव्हॅक बनत होता तिथे. आता रिलेऐवजी व्हॉल्व्ह, पाच हजारांवर. (आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे 2700 होते, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह कधी ना कधी उडणारच.) त्या काळातला एक किस्सा मस्त आहे. ग्रेसचा बँकेचा हिशोब महिनोन् महिने जुळेना. शेवटी बँकिंगमधला भाऊ आला, चेकबुक घेऊन बसला, आणि त्याला सापडलं की बाई मधूनच आठाच्या पायावर वजाबाकी करतायत! दिवसभर यंत्राच्या अष्टमान आकड्यांत राहून घरीही तेच चाललं होतं. बिघाड बँकेत नव्हता, यंत्रातही नव्हता.

यातूनच तिचं सगळ्यात मोठं काम निघालं. हार्वर्डला प्रत्येकाच्या वहीत चालणारे कोडचे तुकडे लिहिलेले असायचे. साइन काढायचा तुकडा हवा की सोबत्याच्या वहीतून उतरवून घ्यायचा. आपण जर्नल उतरवतो तसं. पण उतरवताना B चा 13 व्हायचा, 4 चा भलताच काहीतरी व्हायचा, आणि मग तासन् तास चूक शोधायची. ग्रेसला उमगलं की बहुतेक बिघाड डोक्यात होत नाहीत, हातात होतात. मग हे उतरवायचं काम मशिनलाच का देऊ नये? प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, सगळे टेपवर ठेवायचे, आपण फक्त नंबर सांगायचे, जोडणी मशिन करेल. 1952 मध्ये हे चालू झालं. ए-झिरो, पहिल्या कंपायलर्सपैकी एक. लोक विश्वासच ठेवेनात. मशिन गणित करतं, प्रोग्रॅम कसा लिहील?

पुढची पायरी म्हणजे हुकूम इंग्रजी शब्दांत द्यायचे. तिच्या टीमनं साहेबलोकांना डेमो दिला आणि जाता जाता तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. साहेबलोक हबकले. अमेरिकन मशिनला फ्रेंच कशी कळेल? असला आचरटपणा बंद करा म्हणाले. मशिनला सगळ्या भाषा सारख्याच परक्या, हे त्यांना पटवायला पुढे काही महिने गेले. या कामातून फ्लो-मॅटिक आली आणि तिच्या पायावर 1959 मध्ये एका समितीनं कोबोल उभी केली. ग्रेस त्यात सल्लागार होती. डिसेंबर 1960 मध्ये जवळजवळ एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशिनवर चालवून दाखवला गेला. तोपर्यंत मशिन बदललं की सगळं पुन्हा लिहायचं, अशी रीत होती.

1966 च्या अखेरीस नौदलानं वयाचं कारण देऊन तिला निवृत्त केलं. ऑगस्ट 1967 मध्ये परत बोलावलं, फक्त सहा महिन्यांसाठी. का? तर प्रत्येक कंपनीची कोबोल आपापली बोली बोलायला लागली होती, एकीवर चाललेलं दुसरीवर अडायचं. ग्रेसनं कंपायलर तपासणारे प्रोग्रॅम तयार करवले. नापास झालेला कंपायलर घ्यायचाच नाही. ते सहा महिने 19 वर्षं चालले. 14 ऑगस्ट 1986 ला, वयाच्या 79 व्या वर्षी, ती रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाली, आणि लगेच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून लागली.

या शेवटच्या वर्षांत ती गावोगाव भाषणं द्यायची आणि पोरांना वायरचे तुकडे वाटायची. प्रत्येक तुकडा 11.8 इंचांचा. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते. उपग्रहावरून निरोप यायला वेळ का लागतो असं अ‍ॅडमिरल लोक विचारायचे, त्यांच्यासाठी ही वायर. पुढच्या वेळी पनवेलहून अमेरिकेतला सर्व्हर पिंग कराल आणि दोनेकशे मिलिसेकंद दिसतील, तेव्हा अ‍ॅप्लिकेशनला शिव्या घालण्याआधी असे किती तुकडे मध्ये येतात, त्याचा हिशोब करून बघा.

1 जानेवारी 1992 ला ती झोपेतच गेली. पतंगासकट ती वही आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. आणि कोबोल? 2000 साल येताना तारखांचा घोळ निस्तरायला मुंबई-पुण्यातली कितीतरी पोरं अमेरिकेला गेली, ती याच भाषेतले जुने प्रोग्रॅम तपासायला. विचारा घरात, एखादा काका किंवा मामा निघेल. एप्रिल 2020 मध्ये, कोविडमध्ये नोकऱ्या गेलेल्यांचे अर्ज सरकारी मशिनना झेपेनात, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरनं कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत म्हणून जाहीर विनंती केली. ग्रेस जाऊन तेव्हा 28 वर्षं झाली होती.