शाळेत नापास झालेल्या एशरने 'अशक्य' जिने काढले आणि आज त्याच जिन्यांवर व्हिडीओ गेम चालतायत

मोबाईलवर 'मॉन्युमेंट व्हॅली' नावाचा गेम कधी खेळलाय का?

२०१४ साली लंडनच्या अस्टू गेम्स या कंपनीने तो आणला. त्यात आयडा नावाची एक छोटीशी राजकन्या आहे. ना बंदूक, ना शत्रूला उडवायची भानगड. तिला फक्त एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर न्यायचं. अडचण एकच, मधला रस्ता तुटलेला असतो.

मग आपण एक दांडा फिरवतो. मनोरा गोल फिरतो आणि लांबचा खांब बरोबर जवळच्या खांबाला चिकटल्यासारखा दिसायला लागतो. खरं तर दोघांत भरपूर अंतर आहे. पण आयडा निवांत चालत पलीकडे जाते. जे चिकटलेलं दिसतंय ते चिकटलेलंच आहे, असा तिथला नियम.

हा नियम आला कुठून, हे शोधत गेलं की आपण पोहोचतो नेदरलँड्समधल्या एका दाढीवाल्या माणसापर्यंत. त्याने आयुष्यात एकही व्हिडीओ गेम बनवला नाही. त्याचं नाव मॉरिट्स कॉर्नेलिस एशर.

इंजिनियरच्या घरातला नापास मुलगा

१७ जून १८९८ ला नेदरलँड्समधल्या लेउवार्डन या गावात एशरचा जन्म झाला. वडील जॉर्ज एशर मोठे सिव्हिल इंजिनियर. जपान सरकारने पाण्याच्या कामांसाठी परदेशातून जे इंजिनियर बोलावले होते, त्यात तेही होते. म्हणजे घरात शिक्षणाला आणि हिशोबाला मान.

आणि धाकटा मॉरिट्स मात्र शाळेत रखडलेला. तब्येत नाजूक, मार्क त्याहून नाजूक. चित्रकला सोडली तर कशातच डोकं चालायचं नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेतही तो नापास झाला.

तरी वडिलांना वाटायचं की पोरगा निदान आर्किटेक्ट होईल. म्हणून १९१९ साली त्याला हार्लेमच्या कॉलेजात घातलं. तिथे ग्राफिक कला शिकवणारे एक मास्तर होते, सॅम्युएल येसुरून दे मेस्किटा. त्यांनी या मुलाची चित्रं पाहिली आणि ओळखलं की हा घरं बांधायला जन्मलेला नाही. काही दिवसांतच एशरने आर्किटेक्चर सोडलं आणि तो मेस्किटांकडे लाकडावर कोरून छापे काढायला शिकू लागला.

घरं बांधायचं शिक्षण सुटलं खरं, पण पुढे आयुष्यभर तो घरंच काढत राहिला. फक्त ती कुणालाही बांधता येणार नव्हती.

इटली मिळाली, इटली सुटली

कॉलेज संपल्यावर १९२२ साली एशर इटली आणि स्पेन फिरायला गेला. इटली त्याला इतकी आवडली की त्याने रोममध्ये मुक्कामच ठोकला. इटलीतच येट्टा उमिकर भेटली, १९२४ मध्ये लग्न झालं, मुलं झाली. दरवर्षी तो दक्षिण इटलीच्या डोंगरांत पायी भटकायचा. कड्यावर लटकलेली गावं, अरुंद जिने, कमानी यांची चित्रं काढायचा आणि हिवाळ्यात घरी बसून त्यांचे छापे तयार करायचा.

या काळातली त्याची चित्रं बघितली तर त्यात विचित्र असं फारसं काही नाही. सुंदर निसर्गचित्रं, बस्स. ती फारशी खपतही नव्हती. तिशी ओलांडली तरी घर चालायला आई-वडिलांचा आधार लागत होता.

मग मुसोलिनीच्या राजवटीचा फास आवळत गेला. एशरला राजकारणात काडीचा रस नव्हता. पण १९३५ साली त्याच्या नऊ वर्षांच्या मोठ्या मुलाला शाळेत फॅसिस्ट बालसंघटनेचा गणवेश घालायला लावला, तेव्हा त्याने ठरवलं की आता इथे राहायचं नाही. ज्या देशावर जीव होता तो सोडून कुटुंब स्वित्झर्लंडला गेलं.

तिथे नुसता बर्फ. जिकडे बघावं तिकडे पांढरं. एशरचा जीव रमेना. तिथून १९३७ मध्ये बेल्जियम आणि १९४१ मध्ये परत नेदरलँड्समधलं बार्न गाव. सपाट जमीन, ढगाळ आभाळ.

आपल्या गोष्टीला वळण मिळतं ते इथे. बाहेर काढण्यासारखं काही दिसेना, म्हणून त्याने डोक्यातलं काढायला सुरुवात केली. आज जग ज्या एशरला ओळखतं, तो इटली सुटल्यानंतरचा एशर आहे.

स्पेनच्या फरशा

हे वळण घेताना त्याला एक वाट सापडली होती, तीही एका जुगाडातून. १९३६ साली त्याने एका जहाज कंपनीला पत्र लिहिलं की मला आणि बायकोला तुमच्या जहाजातून भूमध्य समुद्रात फिरवून आणा, तिकिटाच्या बदल्यात मी तुम्हाला चित्रं देतो. कंपनी हो म्हणाली!

या सफरीत तो स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात दुसऱ्यांदा गेला. मुस्लिम राजवटीतल्या कारागिरांनी तिथल्या भिंतींवर भौमितिक नक्षीच्या फरशा बसवल्या आहेत. एक आकार संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, मध्ये फट नाही आणि एकावर एक चढणंही नाही. नवरा-बायको दिवसेंदिवस तिथे बसून ती नक्षी वहीत उतरवत राहिले.

आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही हा खेळ पटकन कळेल. एक आकार असा निवडायचा की तो चारही बाजूंनी वाढत गेला तरी कुठे अडणार नाही. एशरने त्यात स्वतःची भर टाकली. चौकोन-षटकोनाच्या जागी त्याने मासे, पक्षी, पाली, घोडेस्वार बसवले. दोन पक्ष्यांमधली रिकामी जागा बघावी तर तोच मासा.

एशरचा भाऊ भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने ही चित्रं पाहून सांगितलं की स्फटिकांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ याच रचनांवर काम करतात, त्यांचे लेख वाच. एशरने वाचायचा प्रयत्न केला. सूत्रं डोक्यावरून गेली, पण आकृत्या कळल्या. सपाट पृष्ठभागावर नक्षी पुन्हा पुन्हा मांडायचे एकूण १७ प्रकार असतात, हे गणितज्ञ पोल्या यांनी आकृत्यांसह दाखवलं होतं. एशरने त्या आकृत्या वहीत उतरवून घेतल्या आणि त्यावरून स्वतःचे नियम तयार केले.

बुटाचा ठसा

याच काळात युद्ध पेटलं आणि नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात गेलं. एशरचे लाडके मास्तर मेस्किटा ज्यू होते. १९४४ च्या सुरुवातीला नाझींनी त्यांना, त्यांच्या बायकोला आणि मुलाला घरातून उचललं. मेस्किटा आणि त्यांच्या पत्नीला ऑशविट्झमध्ये मारण्यात आलं. मुलगाही छळछावणीत गेला, तो परतला नाही.

एशर त्यांना भेटायला गेला तेव्हा घर मोकळं होतं. मास्तरांची चित्रं जमिनीवर विखुरलेली. त्याने हाताला लागतील तेवढी गोळा केली, जपून ठेवली आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवायला पुढाकार घेतला. त्यातल्या एका चित्रावर जर्मन सैनिकाच्या खिळ्याच्या बुटाचा ठसा उमटला होता. ते चित्र त्याने शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवलं.

कलाकार म्हणायचे गणिती, गणिती म्हणायचे कलाकार

१९५३ साली एशरने 'रिलेटिव्हिटी' हे चित्र काढलं. ते लिथोग्राफ होतं, म्हणजे आपण ज्याला शिळाप्रेस म्हणतो त्या दगडावरच्या छपाईचं. एक मोठं घर, त्यात खूप जिने. काही माणसं सरळ चालतायत, काही आडवी, काही आपल्या दृष्टीने उलटी. कारण या घरात गुरुत्वाकर्षणाच्या तीन वेगवेगळ्या दिशा आहेत. एकाची भिंत ती दुसऱ्याची जमीन. एकाच जिन्यावर दोघं एकाच दिशेने चाललेत, पण एक चढतोय आणि एक उतरतोय.

कलेच्या दुनियेला हे काय आहे ते कळेना. अनेक समीक्षकांना ते कोरडं, डोक्याने काढलेलं वाटायचं. लोक त्याला सर्रियलिस्ट, म्हणजे स्वप्नातलं जग रंगवणाऱ्या चित्रकारांच्या पंगतीत बसवायचे, पण त्याला स्वतःला ती पंगत पटत नव्हती. स्वप्नाला नियम नसतात. एशरच्या चित्रात मात्र नियम पक्का असतो, फक्त तो आपल्या जगाचा नसतो.

त्याला ओळखलं ते गणितवाल्यांनी. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा तिथल्या स्टेडेलिक म्युझियममध्ये एशरचं प्रदर्शन लागलं. बघायला आलेल्यांत रॉजर पेनरोज नावाचा एक तरुण इंग्रज होता. त्याचं डोकंच फिरलं. घरी जाऊन त्याने एक त्रिकोण काढला. त्याचा प्रत्येक कोपरा वेगळा बघितला तर अगदी बरोबर, पण तिन्ही एकत्र बघितले तर अशक्य! त्याचे वडील लायोनेल पेनरोज यांनी त्यापुढे जाऊन असा जिना रचला की गोल चढत राहा, पुन्हा तिथेच.

१९५८ मध्ये बापलेकांनी त्यावर लेख छापला आणि एशरला पाठवला. एशरने त्या जिन्यावरून १९६० मध्ये 'असेंडिंग अँड डिसेंडिंग' काढलं. गच्चीवरच्या जिन्यावर मठातले साधू रांगेने चढतायत, दुसरी रांग उतरतेय, आणि कुणीच कुठे पोहोचत नाही. दोघंजण मात्र या फेऱ्यात नाहीत. एक खाली पायरीवर बसलाय, एक लांबून बघतोय. पुढच्या वर्षी 'वॉटरफॉल' आलं. त्यात पाटाचं पाणी उताराने वाहत जातं आणि तरीही शेवटी वरून खाली कोसळतं.

याच रॉजर पेनरोज यांना पुढे २०२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रसिद्धी आली, पण उशिरा

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या हिप्पी पोरांना एशर सापडला. त्याच्या काळ्यापांढऱ्या चित्रांना भडक रंग फासून, परवानगी न घेता पोस्टर छापले गेले. नशेत काढल्यासारखी वाटणारी ही चित्रं एक शिस्तशीर म्हातारा भिंग लावून महिनोन् महिने कोरतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरने अल्बमच्या कव्हरसाठी चित्र मागितलं. एशरने नकार दिला. वर ओळख नसताना पहिल्या नावाने हाक मारू नये, असंही कळवलं.

त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा आढावा घेणारं प्रदर्शन १९६८ मध्ये हेगला भरलं. तेव्हा तो ७० वर्षांचा होता. त्याच वर्षी येट्टा त्याला सोडून स्वित्झर्लंडला निघून गेली. २७ मार्च १९७२ ला एशर गेला. मागे सुमारे ४५० छापचित्रं आणि दोन हजारांवर रेखाटनं ठेवून.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अटारीचा 'पाँग' बाजारात आला आणि व्हिडीओ गेमचा धंदा उभा राहिला.

मग गेममध्ये एशर कसा आला?

गेम बनवणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं जे एशरकडे होतं. दिसायला अजब, पण नियमाने चालणारं जग. नुसतं विचित्र चित्र बघायला दोन मिनिटं बरं वाटतं. खेळायचं असेल तर मात्र विचित्रपणातही काहीतरी शिकता यायला हवं, नाहीतर खेळाडू कंटाळून सोडून देतो.

१९८४ च्या 'मार्बल मॅडनेस' या गेमच्या दिसण्यावर एशरची छाप होती. २००८ मध्ये सोनीचा 'एकोक्रोम' आला. त्यात पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेघांचे जिने आहेत. रस्त्यात खड्डा असेल तर आपण दृश्य फिरवायचं. खड्डा एखाद्या खांबामागे लपला की तो नाहीच असं धरलं जातं आणि बाहुली त्यावरून चालत जाते.

यामागची युक्ती सोपी आहे. खऱ्या जगात लांबची वस्तू लहान दिसते, त्यावरून आपल्याला अंतर कळतं. या गेममध्ये लांबचं आणि जवळचं एकाच मापाने काढतात, त्यामुळे डोळ्याला अंतराचा पत्ताच लागत नाही. मग दोन तुकडे पडद्यावर चिकटलेले दिसले की रस्ता जोडला गेला, एवढाच नियम घालायचा.

'मॉन्युमेंट व्हॅली'ची सुरुवातही अशीच झाली. केन वाँग या डिझायनरने एशरच्या धाटणीचं एक चित्र काढलं आणि त्यातून गेम उभा राहिला. २०१९ च्या 'मॅनिफोल्ड गार्डन'मध्ये तर भिंतीला जमीन करता येते. 'रिलेटिव्हिटी'च्या घरात आपण स्वतः शिरावं, तसं.

एशरच्या साधूंना त्या जिन्यावरून कधीच उतरता आलं नाही. आयडाला मात्र पलीकडे जाता येतं, कारण दांडा आपल्या हातात असतो.

आता पुन्हा कधी हा गेम उघडलात, तर मनोरा फिरवण्याआधी क्षणभर थांबून बघा. त्या कमानी, ते जिने इटलीतल्या डोंगरावरच्या गावासारखे दिसतील. मुलाच्या अंगावर गणवेश नको म्हणून एका बापाने सोडून दिलेल्या गावासारखे.