भाऊ हरले, भाऊ जिंकले

मित्रांनो, होस्टेलच्या मेसमध्ये एखाद्या गोष्टीवर मतदान घेतलं की काय होतं ते आपण सगळेच जाणतो. ज्याचा प्रस्ताव पडतो तो आठवडाभर तोंड पाडून फिरतो आणि बाकीचे ठरवूनच टाकतात की पुढच्या वर्षी ह्याला मेस सेक्रेटरी करायचा नाही. मुद्दा पडला म्हणजे माणूस पडला, असं आपलं सोपं गणित. पण आपल्या सिंधुदुर्गाच्या शेजारीच, तेरेखोल नदीच्या पलीकडे, लोकांनी हे गणित एकदा साफ चुकीचं ठरवलं होतं. त्या माणसाचं नाव दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. गोवा त्यांना भाऊसाहेब किंवा नुसतं भाऊ म्हणतो.

भाऊंचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. सातार्ड्याचा पूल ओलांडला की लागतो तोच हा तालुका. आता मोपाचं विमानतळ झालंय तो. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता, मग तो पोर्तुगिजांकडे गेला. मधे सरहद्द आली, पण सोयरिकी, जत्रा आणि दशावतार दोन्हीकडे तेच राहिले. भाऊ गोमंतक मराठा समाजातले. त्या काळी ह्या समाजाला वरच्या लोकांत मान नव्हता. भाऊ खाणउद्योगात उतरले, भरपूर पैसा कमावला आणि शाळांना, देवळांना, अडल्यानडलेल्यांना सढळ हाताने दिलाही. त्यामुळे राजकारणात यायच्या आधीच त्यांचं नाव खेड्यापाड्यांत पोचलं होतं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. ४५१ वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली. ९ डिसेंबर १९६३ ला विधानसभेची पहिली निवडणूक झाली. काँग्रेस सहज जिंकणार असं दिल्लीपासून सगळ्यांना वाटत होतं, आणि गोव्यात काँग्रेसची एकसुद्धा जागा आली नाही! कुळं, मजूर आणि एकूण बहुजन समाज भाऊंच्या नव्याकोऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे 'मगो'च्या मागे उभा राहिला. भाऊ स्वतः निवडणुकीला उभे नव्हते, तरी मुख्यमंत्री म्हणून त्यांनाच बसवलं गेलं.

मगोचा मुख्य मुद्दा एकच : गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा. भाटकारांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांना वाटायचं, महाराष्ट्रात गेलो की तिथले कूळकायदे आपल्यालाही मिळतील. शिवाय भजन, नाटक, देवळातलं कीर्तन सगळं मराठीत. उलट युनायटेड गोवन्स पक्षाचे जॅक सिक्वेरा आणि कोकणीचे अभिमानी म्हणत होते की गोव्याची ओळख वेगळी आहे, ती पुसून टाकू नका. एवढ्या मोठ्या राज्यात गोवा कोपऱ्यातला एक जिल्हा होऊन बसेल, ही भीतीही होती. खरं सांगायचं तर ती भीती अगदीच पोकळ नव्हती. तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हासुद्धा नव्हता. १ मे १९८१ पर्यंत आपण रत्नागिरीचं दक्षिण टोक होतो आणि घराघरातली चूल मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटायची. गंमत म्हणजे विलीनीकरणाच्या विरोधात रान उठवणारं 'राष्ट्रमत' हे दैनिकही मराठीच होतं.

२२ जानेवारी १९६५ ला गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. विरोधकांचं म्हणणं, आमदारांनी नाही, लोकांनी ठरवावं. शेवटी संसदेने कायदा करून गोव्यात जनमत कौल घ्यायचं ठरवलं. सरकार खुर्चीवर असताना कौल निःपक्ष होणार नाही अशी हरकत आली, तेव्हा डिसेंबर १९६६ मध्ये भाऊंच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या परीक्षेला भाऊ असे खुर्ची सोडून बसले.

१६ जानेवारी १९६७. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं : विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केलं, म्हणजे ८१ टक्क्यांच्या वर! फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. भाऊ ३४,०२१ मतांनी हरले. ज्या मुद्द्यावर पक्ष काढला, तोच लोकांनी नाकारला.

आपल्या मेसच्या हिशोबाने इथे भाऊंचं राजकारण संपायला हवं होतं. पण बरोबर ७१ दिवसांनी, २८ मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला ३० पैकी १६ जागा मिळाल्या. युनायटेड गोवन्सला १२. कौल जिंकणारे विरोधी बाकांवर बसले आणि हरलेले भाऊ पुन्हा मुख्यमंत्री झाले.

हे कसं झालं? जागांचं गणित आहेच. विलीनीकरणाच्या विरोधातली मतं सासष्टीसारख्या भागात एकवटली होती, मगोची ताकद बाकी तालुक्यांत पसरलेली होती. पण आणखी एक गोष्ट गोव्यात आजही सांगतात. गोवा विलीन झाला असता तर गोव्याची विधानसभाच गेली असती, आणि तिच्याबरोबर भाऊंचं सरकारही. म्हणजे ज्याला भाऊ हवेत त्याने दोन पानांवरच शिक्का मारायचा! असा विचार करणारे मगोचेही मतदार होते म्हणतात. लोकांनी मुद्दा आणि माणूस वेगळे काढून तपासले. शिकलेल्या माणसांना जमत नाही ते शेतातल्या माणसांना जमलं.

आणि भाऊंनी काय केलं? ते कामाला लागले. १९६४ मध्ये त्यांच्या सरकारने कुळांना संरक्षण देणारा कायदा केलाच होता, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या होत्या. पोर्तुगीज अमलात ज्या घरांत पाटी शिरली नव्हती, त्या घरांतली पोरं शाळेत जाऊ लागली. ज्या गोष्टींसाठी लोकांना महाराष्ट्र हवा होता, त्यातल्या बऱ्याचशा गोव्यातच मिळू लागल्या. गोव्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजही १९६७ चंच, ही आपल्या धंद्यातली गोष्ट! विलीनीकरणाचा प्रश्न मात्र पुन्हा कधी मतपेटीपर्यंत गेला नाही.

पुढचा काळ सोपा नव्हता. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केलं, तरी सरकार तगलं आणि १९७२ ची निवडणूकही भाऊंनी जिंकली. १२ ऑगस्ट १९७३ ला मुख्यमंत्रीपदावर असतानाच त्यांचं निधन झालं. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांच्या मागून कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. त्यांचं सरकार १९७९ मध्ये गेलं, आणि ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र घटकराज्य झालं. त्या दोन पानांचं झाड असं वीस वर्षांनी वाढलं.

आता सुट्टीत मिरामारला जाऊन फोटो काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी पाच मिनिटं त्या समाधीपाशी थांबा. आणि परत आल्यावर मेसच्या मतदानात ज्याचा प्रस्ताव पडला असेल, त्याला निदान जेवायला तरी आपल्या टेबलावर बोलवा. कोण जाणे, पुढच्या वर्षी सेक्रेटरी म्हणून तोच बरा असेल!