बायबल एकच, मग मराठीत अर्थ का बदलतो? पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक का शिकल्या, जाणून घ्या

दारव्हा (जि. यवतमाळ) : दारव्ह्याच्या बसस्थानकावर कोणी ‘आम्ही यवतमाळला निघालो’ म्हटले, तर ऐकणारा निरोप देतो. ‘आपण निघालो’ म्हटले, तर तो पिशवी उचलतो. बायबल मराठीत आणताना नेमकी हीच अडचण येते.

अडचण काय?
नवा करार मूळ ग्रीक भाषेत आहे. तिथे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही. वादळात सापडलेल्या नावेत शिष्य झोपलेल्या येशूला उठवतात आणि बुडण्याची भीती सांगतात. बुडणाऱ्यांत येशूही धरायचा का? ग्रीक क्रियापदातून हे कळत नाही. मराठीत मात्र ठरवावेच लागते. ‘आत्मा’ या शब्दाचेही तसेच. त्यासाठीचा हिब्रू शब्द बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी, ग्रीक नपुंसकलिंगी आणि मराठी पुल्लिंगी आहे. शिवाय मराठी वाचकाला ‘आत्मा’ म्हटले की वेदान्तही आठवतो.

रमाबाई कोण?
जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आईने ते रमाबाईंना दिले. १८७४च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले. १८७८मध्ये कोलकात्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८२मध्ये पती गेले, पदरी लहानगी मनोरमा होती. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा महाराष्ट्रात मोठी टीका झाली. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली त्यांनी आणल्या. पुण्याजवळच्या केडगावात ‘मुक्ती’ उभी राहिली.

स्वतःच अनुवाद का?
मराठी बायबल आधीपासून होते. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बायकांना जड जाई. इंग्रजीवरून सोपे करायचे, तर दुसऱ्याने आधीच लावलेला अर्थ सोबत आला असता. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची ही पंडिता जाणीवपूर्वक बोलीजवळच्या मराठीत लिहू लागली. छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी केले.

१९२१मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. अनुवाद पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले.

तुमच्या मोबाइलवर दोन मराठी भाषांतरे असतील, तर नावेचा तो प्रसंग मार्कच्या चौथ्या अध्यायात काढा. कोणी ‘आम्ही’ लिहिले आणि कोणी ‘आपण’, ते पाहा.