अण्णाभाऊंच्या झोपडीचा पुरावा

१ ऑगस्टला साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांच्या प्रतिमेला सगळेच पक्ष हार घालतात. गरिबांच्या झोपड्यांवर बुलडोझर पाठवणारेही त्यात मागे नसतात. म्हणून आम्ही आज अण्णाभाऊंकडे मुंबईत पोटासाठी आलेला एक स्थलांतरित म्हणून पाहणार आहोत.

वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली त्यांचा जन्म झाला. इंग्रज सरकारने समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारलेला, आणि शाळा मिळाली ती दीड दिवसाची. १९३०च्या दशकाच्या आरंभी भाऊराव व वालुबाई मुलांना घेऊन पायीच मुंबईकडे निघाले. कोळसा, हमाली, गिरणी, मिळेल ते काम अण्णाभाऊंनी केले. मधे गावी परतले, पुन्हा आले. अक्षरओळखही त्यांना या शहराच्या रस्त्यांनी आणि चळवळीनेच दिली.

मुंबईला हात हवे होते, माणसे नको होती. १९२०च्या दशकात सरकारने बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यात एका कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची खोली. पुढे महायुद्ध आणि फाळणी आली. १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १८ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. त्या मानाने घरे झाली नाहीत. शहराने ही जबाबदारी स्थलांतरितांवरच ढकलली. गाववाल्याने गाववाल्याला जागा दिली आणि पत्रा, बांबू, गोणपाटाची वस्ती उभी राहिली.

घाटकोपरची चिरागनगर ही अशीच वस्ती. तिथल्या झोपडीत अण्णाभाऊंनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. 'मुंबईची लावणी'त याच शहराची दोन टोके दाखवली. १९५८ साली मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनात शेषनागाची पुराणकथा बाजूला सारून पृथ्वीचा भार दलित-श्रमिकांच्या तळहातावर असल्याचे त्यांनी ठणकावले. १९५९ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. शासनाने तिला पुरस्कारही दिला. हक्काचे घर मात्र अखेरच्या काळात, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात मिळाले. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

झोपडपट्टी सुधारणा कायदा आला तो १९७१ साली. १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन ओळखपत्रे मिळाली. १९८५च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण नोटीस देऊन फुटपाथ मोकळा करण्याची मुभाही महापालिकेला दिली. पुनर्वसनाची मर्यादा १९९५ वरून २००० वर सरकली. त्यानंतरच्या, २०११ पर्यंतच्या झोपडीला घर मिळते ते पैसे भरून.

देशात कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य बाबासाहेबांच्या संविधानातील कलम १९ देते. त्याला तारखेची अट नाही. आम्ही वकिली करताना मात्र रोज पाहतो, वीस वर्षे राबलेला माणूस एका कागदावाचून अपात्र ठरतो. वाटेगावहून पायी आलेल्या त्या पोराकडे तरी कोणता कागद होता?

बांधवांनो, जयंतीच्या मिरवणुकीत जरूर सामील व्हा. पण तिच्या आधी वस्तीत बसा, प्रत्येक घराचे वीजबिल, मतदारयादीतील नाव, शाळेचा दाखला गोळा करा, फाईल तयार ठेवा. नोटीस आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. अण्णाभाऊंना हेच खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!