भिंतीवरच्या नावामागचा माणूस

स्मरणिकेच्या समितीने लेख मागतानाच बजावलं होतं की शाळेच्या आठवणी भरपूर आल्या आहेत, तू काही वेगळं लिही. म्हणून मी शाळेच्या आवाराबाहेरच्या, पण आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका भिंतीबद्दल लिहितो आहे. मेळाव्यात निधीचा विषय निघणार आहे, त्याच्याशीही या लेखाचा थोडा संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

एस.टी. स्टँडवरून शाळेकडे वळताना उजव्या हाताला जुन्या वखारीची भिंत होती, आठवते ना? चुन्यावर निळ्या रंगात मोठ्ठं ‘किर्लोस्कर’ लिहिलेलं आणि शेजारी पंपाचं चित्र. आपल्यातल्या काहींना रफार आणि जोडाक्षर त्या एका नावानेच शिकवलं. वखार कधीच बंद पडली. पंपाचं चित्रही आता पुसलं आहे. मात्र वरचा रंग उडाल्यामुळे खालच्या थरातली आणखी जुनी अक्षरं वर आली आहेत, आणि त्यात ‘नांगर’ एवढा शब्द लागतो. ते नाव आपण रोज वाचलं, पण तो माणूस कोण होता हे मी निवृत्त झाल्यावर सवडीने वाचलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन रमत नसे. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. वडिलांना हे पसंत नव्हतं. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे दोन वर्षांत लक्षात आलं की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या दृष्टीने याहून वाईट बातमी कोणती असणार?

घरी परतून हातावर हात धरून बसावं असा प्रसंग होता. त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची आरेखनं काढायला शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. गुरुजनांनो, हा कारखानदार आधी तुमच्यासारखाच मास्तर होता. वर्गात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात यंत्रं खोलायची, जोडायची. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

बेळगावात दोघा भावांचं सायकलींचं दुकान होतं. त्याच्या जोडीला छोटासा कारखाना निघाला. आधी कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. खरी परीक्षा या नांगराने घेतली. लोखंडाने जमिनीला विष बाधतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर चालवणाऱ्याने ती का सोडावी? माल तयार होता, पण गिऱ्हाईक नव्हतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. घरची पुंजी लोखंडात अडकवून दोन वर्षं वाट पाहणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या दुकानदारांना वेगळं सांगायला नको. आज आपल्याला वाटतं की भिंतीवर नाव रंगवलं की धंदा चालतो. इथे क्रम उलटा होता. नांगर आधी शेतात पटावा लागला, त्याचं नाव भिंतीवर नंतर आलं.

नांगर खपू लागला तोच नवं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. बस्तान हलवायला पैसा नव्हता, जागाही नव्हती. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार होते. आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ त्यांनी बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. चित्रकार होता न आलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने हात दिला, हे मला फार विलक्षण वाटतं.

माळ कसला, निवडुंग आणि साप. १९१० च्या मार्चमध्ये मोजक्या कुटुंबांनी तिथे मुक्काम टाकला. लक्ष्मणरावांच्या बरोबर शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखी माणसं होती. त्यांनी कारखान्याबरोबर गावही वसवलं. तिथे शिवाशिव पाळायची नाही, हा नेम होता. ज्यांना समाज चोर-दरोडेखोर म्हणून दूर ठेवत होता, त्यांतल्या काहींच्या हाती लक्ष्मणरावांनी राखणीचं काम दिलं. पुढे त्या स्टेशनलाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळालं.

नांगरामागून भुईमूग फोडायची यंत्रं आली, उसाचे चरक आले, १९२६ साली पंप आला. १९२० साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचं हे बातमीपत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घरांत पोचलं. शंकरराव चित्रकलेतले जाणकार आणि जाहिरातीतलेही. जे काम काकांच्या डोळ्यांनी होऊ दिलं नाही, ते पुतण्याने केलं.

१९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीत सापडला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. उभ्या आयुष्याची मिळकत डोळ्यांदेखत जळाली, तरी कारखाना तिथेच पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आता निधीचं बोलतो. जमलेल्या पैशांतून शाळेला नवी कमान बांधावी आणि तिच्यावर देणगीदारांची नावं रंगवावीत, अशी एक सूचना आहे. सूचना प्रेमापोटीच आली आहे. तरीही माझं मत असं की आधी आपली बंद पडलेली कार्यशाळा उघडावी. लेथ गंजला आहे, सुतारकामाची टेबलं अडगळीत आहेत, शिकवायला माणूस नाही. पुस्तकात मन न रमणारी मुलं आजही प्रत्येक वर्गात असतात. आपल्या वेळी त्यांना शनिवारच्या दोन तासिका तरी मिळायच्या, आणि त्यांतल्या कित्येकांनी पुढे वर्कशॉप काढून घरं उभी केली. ते आपल्यासमोर बसलेले असतील, त्यांनाच विचारा. लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते, पण हाताला दुसरं काम देणारी एक जागा वेळेवर मिळाली. आपल्या मुलांनाही ती मिळू दे. कमान पुढच्या मेळाव्यात बांधू.