प्रज्ञाचक्षूंची स्मृती

संत गुलाबराव महाराजांचे नाव ऐकले नाही असे घर वऱ्हाडात विरळाच. त्यांचा जन्म ६ जुलै १८८१ चा, आजोळी लोणी टाकळीचा. वडिलांचे गाव माधान, अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यातले. घराणे मोहोडांचे. बाळ जेमतेम नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांत चुकीचे औषध पडले आणि दोन्ही डोळे कायमचे गेले. या बाळाने पुढे मराठी, हिंदी, संस्कृत आणि व्रज भाषेत १३० हून अधिक ग्रंथ व प्रकरणे रचली आणि वयाच्या ३४ व्या वर्षी जगाचा निरोप घेतला. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले.

आधी त्या औषधाचे बघू. डोळ्याच्या बुबुळावरचा काचेसारखा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर जखम झाली, जंतुसंसर्ग झाला, की भरून येताना पांढरा वण राहतो आणि त्या वणातून प्रकाश आत जात नाही. आजही खेड्यापाड्यांत लाल झालेल्या डोळ्यात कुणी पाल्याचा रस पिळतो, कुणी दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घालतो. दोन्ही सारखेच घातक ठरू शकतात. योगायोग असा की, ज्या नवव्या महिन्यात गुलाबरावांची दृष्टी गेली, त्याच महिन्यात आज गोवर-रुबेलाच्या लसीसोबत बाळाला ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात. बुबुळ शाबूत राहायला त्याची मोठी मदत होते. पुढचे डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतात, आणि नेमके तेच पुष्कळदा चुकतात.

गुलाबराव चार वर्षांचे असताना आई वारली. मग पाच-सहा वर्षे आजीकडे, लोणी टाकळीला गेली. अंध मुलांसाठी भारतातली पहिली शाळा अमृतसरला १८८७ साली निघाली; वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी तिची बातमी पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली ती १९५१ साली. म्हणजे या मुलाच्या डोक्यात जे काही जाणार होते ते कानांतून, हातांतून आणि पायांतून.

अशा मुलाला घर कसे कळते? ओसरीपासून उंबरठा किती पावलांवर, गोठ्याचा वास कुठून येतो, रहाट कुठल्या बाजूला वाजतो, यातून. हे नुसते पाठांतर नसते. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत खोलवर हिपोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवले की उंदराच्या हिपोकॅम्पसमधली एखादी चेतापेशी उंदीर ठरावीक जागी आला की जागी होते. दुसऱ्या जागी दुसरी. अशा पेशींचा मिळून त्या जागेचा नकाशा बनतो. २००५ साली नॉर्वेत मोसर दांपत्याच्या प्रयोगशाळेने शेजारच्याच भागात आणखी एक प्रकार शोधला. या पेशी जागेवर षट्कोनांची जाळी टाकल्यासारख्या ठरावीक अंतराअंतरावर चेततात. २०१४ चे नोबेल या तिघांना मिळाले.

या नकाशाला डोळे लागतातच असे नाही. जन्मल्यावर लगेच दृष्टी गेलेल्या उंदरांवर फ्रान्समध्ये केलेले एक संशोधन १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याही हिपोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी व्यवस्थित काम करत होत्या. एवढेच की, आपण कुठे आहोत हे पक्के व्हायला त्यांना एखाद्या वस्तूला अंग लावून, हुंगून बघावे लागे. झरी जामणीच्या जंगलात अमावास्येच्या रात्री बाजारातून आपल्या पोडावर परतणारा कोलाम माणूस थोड्याफार प्रमाणात हेच करतो. पायाखालचा चढ, ओढ्याचा आवाज, किती चाललो याचा अंदाज यांवर आतला नकाशा चालू राहतो.

या पेशी मनमानेल तशा चेतत नाहीत. उंदीर चालू लागला की हिपोकॅम्पसमध्ये सेकंदाला सहा ते दहा लाटांची एक लय उठते. तिला थीटा लय म्हणतात. भजनात टाळ वाजत असतात, तेव्हा कुणी कधी सूर उचलायचा हे ठरलेले असते, तसेच इथे. मागे पडलेली जागा, आताची आणि पुढे येणारी, यांच्या पेशी एकाच लाटेच्या आत ओळीने वाजतात. माणसात ही लय थोडी संथ असते. मग विश्रांतीत आणि झोपेत, दिवसभरात जो क्रम घडला तोच मेंदू वेगाने पुन्हा उगाळतो. १९९४ साली उंदरांच्या झोपेत हे नोंदवले गेले. दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत मुरते, असे म्हणायला आधार आहे तो हा.

आता स्मृतीकडे. वाट लक्षात ठेवणारा आणि गोष्ट लक्षात ठेवणारा अवयव एकच, हे उघड झाले ते एका दुर्दैवी शस्त्रक्रियेतून. हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणाचे फेफरे थांबावे म्हणून १९५३ साली दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा बराच भाग काढला. फेफरे कमी झाले, पण पुढच्या ५५ वर्षांत भेटलेली माणसे, घडलेले प्रसंग त्याच्या मनात टिकलेच नाहीत. कहाणीलाही वाटेसारखेच टप्पे असतात, क्रम असतो. ओवीलाही असतो.

गुलाबरावांचे शिक्षण झाले ते याच मार्गाने, ऐकून. त्यांचे लग्न १८९६ साली झाले. १९०१ साली, विशीच्या आतच, त्यांना ज्ञानेश्वरांचा अनुग्रह झाला असे संप्रदाय मानतो. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवत, आणि त्यांनी मांडलेले मधुराद्वैत हे अद्वैत व भक्ती यांची सांगड घालणारे दर्शन आहे. त्यांच्या लेखनात वेदान्त आहे, संगीत आहे, आयुर्वेद आहे, डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा परामर्शही आहे. एका ग्रंथाचे नावच ‘मानसायुर्वेद’. इंग्रजी शाळा न पाहिलेल्या, अक्षर न पाहिलेल्या माणसाकडे हे आले कुठून? सोबतची माणसे वाचत, ते ऐकत. ते सांगत, सोबतची माणसे लिहीत. त्यातला पुष्कळसा भाग पद्यात आहे. छंद आणि यमक ही पाठांतराची जुनी, भक्कम सोय. एक शब्द निसटला तर चाल अडखळते आणि चूक लगेच कळते.

पण एवढ्याने भागत नाही. डोळे गेले तरी मेंदूचा मागचा भाग, ज्याचे काम बघण्याचे, तो जागीच असतो. तो रिकामा पडून राहतो का? जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या, तेव्हा त्यांना डोळे मिटल्यावर उठणारी एक लय दिसली. तिलाच आपण अल्फा लय म्हणतो. डोळस माणसात ती याच मागच्या भागात ठळक असते. जन्मांध आणि तान्हेपणी दृष्टी गेलेल्या माणसांत मात्र ती क्षीण असते, किंवा दिसतही नाही. म्हणजे त्या भागाची घडणच बदललेली असते. २००३ साली जेरुसलेममध्ये जन्मांध माणसांना शब्द आठवायला सांगून मेंदूचे चित्रण केले, तेव्हा हाच बघण्याचा भाग कामाला लागलेला आढळला. ज्यांच्यात तो अधिक चेतला, त्यांना शब्दही अधिक आठवले. पुढच्या वर्षी तोच भाग चुंबकीय स्पंदनांनी क्षणभर विस्कळीत केल्यावर अंध माणसांच्या शब्द सुचण्यात चुका होऊ लागल्या. डोळस माणसांच्या होत नव्हत्या.

गुलाबरावांच्या मेंदूची नोंद अर्थातच कुणी घेतली नाही. बर्गर यांच्या प्रयोगाच्या नऊ वर्षे आधीच ते गेले होते. पण नऊ महिन्यांच्या वयाला मेंदूची ही पुनर्मांडणी सहज होऊ शकते. तरुणपणी डोळे गेले तर ती इतकी होत नाही. त्यांच्या स्मृतीच्या मागे हे मोठे कारण असावे, असे मानायला शरीरशास्त्राची हरकत नाही.

भक्त याला पूर्वजन्मीचे संचित किंवा कृपा म्हणतात. त्या श्रद्धेशी वाद घालण्याचे इथे कारण नाही. चमत्कार म्हणण्यात वैद्यकाच्या दृष्टीने एक तोटा मात्र आहे: त्यामागची मेहनत नजरेआड होते. आंधळा झाला की स्मरणशक्ती आपोआप वाढते, हा गैरसमज आहे. मेंदूचा मोकळा पडलेला भाग शब्दांच्या कामी लागतो तो शब्द सतत येत राहिले तर. २०१६ साली यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ भारतीय पंडितांच्या मेंदूचे चित्रण प्रसिद्ध झाले. त्यात हिपोकॅम्पसमध्ये दिसलेले फरक वाटा मुखस्थ असणाऱ्या तरबेज माणसांत पूर्वी आढळलेल्या फरकांशी जुळणारे होते. ही माणसे डोळस होती. त्यांच्यामागे होती ती रोजच्या घोकंपट्टीची वर्षानुवर्षे.

म्हणून अंध बाळ असलेल्या घरात काय चालते याला महत्त्व आहे. लागेल, पडेल या मायेपोटी अशा मुलाला खाटेवर किंवा कोपऱ्यात बसवून ठेवण्याची रीत आपल्याकडे फार. मग त्याचे पाय जागा मोजत नाहीत आणि कानांवरही घरातल्या चार वाक्यांपलीकडे काही पडत नाही. त्याला बोट धरून विहिरीपर्यंत, शेतापर्यंत न्यावे, भिंतीला हात लावू द्यावा, वस्तूंच्या जागा सारख्या बदलू नयेत, रोज काहीतरी वाचून दाखवावे. आधी अर्थात डोळे तपासून घ्यावेत, कारण लहान मुलांतला मोतीबिंदू वेळेत काढला तर दृष्टी वाचू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात गुलाबराव महाराजांचे निधन झाले. मागे राहिलेले लिखाण त्यांच्या अनुयायांनी गोळा केले, जुळवले आणि छापत आणले. ‘संप्रदायसुरतरू’ हा त्यांचा ग्रंथ माधानकडची मंडळी आजही मोठ्याने वाचतात, बाकीचे ऐकतात.